खोतनं घड्याळ का घेतलं

फलजचा कॅम्प, खोली नंबर चौदा.
तिकडे साडेनऊ, इकडे आठ.
बस सातला सोडते, मग अंघोळीची रांग,
मग डाबरेचा लॅपटॉप पत्र्याच्या पेटीवर.
डाव्या कोपऱ्यात काच तडकलीय,
त्यामुळे डावीकडून येणारा प्रत्येक माणूस
आधी दुभंगतो, मग सांधतो.

पाच महिने आम्ही इन्स्पेक्टर खोतला ओळखत होतो.
लाच नाही, बाई नाही, साधी सुपारीसुद्धा नाही.
आणि आज
विहिरीतून काढलेल्या प्रेताच्या मनगटावरचं घड्याळ
त्यानं रुमालात गुंडाळलं
आणि पंचनाम्यात लिहिलंच नाही.

भाग संपायच्या आत खोली पेटली.
"लेखक बदलला," मुझफ्फर म्हणाला,
"माणूस असा एका रात्रीत फिरत नाही."
"फिरता रे, फिरता," तांडेल. "माका इचार."
डाबरेनं बोट वर केलं: दुसरा भाग आठवा.
टपरीवर खोतनं सुटे पैसे मोजून घेतले होते.
दोनदा.
तेव्हाच पेरलं होतं सगळं.
घुगे टाचांना खोबरेल चोळत म्हणाला,
"सुटे मोजणारा चोर असेल
तर माझी आई दरोडेखोर."

सगळ्यांत मोठ्यानं मी भांडलो,
खोतच्या बाजूनं.
म्हटलं, कारण असणार,
कुणाला तरी वाचवत असणार,
पाच महिन्यांचा माणूस एका घड्याळानं पुसता येत नाही.
भात लागल्याचा वास आला तरी उठलो नाही.

मग गाडी वळली खोतच्या बायकोवर.
मंगळवारपर्यंत ती एक होती, बुधवारपासून दुसरी.
तीच साडी, तोच ओटा, चेहरा नवा.
खोतनं डबा उचलला आणि निघाला,
जणू काही झालंच नाही.
मुझफ्फर बराच वेळ खुबूसचे तुकडे करत बसला.
"सव्वीस महिन्यांनी गेलो मी हर्णैला," म्हणाला,
"तेच दार, तीच कपड्यांची दोरी.
पोरगी आईच्या मागे लपून विचारते, हे कोण?
मालिका तीच होती रे.
नट मी बदललेला."
यावर कुणी मुद्दा काढला नाही.
एसीचं पाणी बादलीत पडत राहिलं.

तांडेलच आम्हाला परत घड्याळावर घेऊन आला.
तांडेलला चोरीत रस आहे.
दोन रमजानांमागे त्याच्या पेटीतून
चाळीस रियाल गेले, याच खोलीतून,
पगाराआधीच्या आठवड्यात.
तेव्हाही अशीच चर्चा झाली होती,
फक्त आवाज न चढवता.
झाडू मारणाऱ्या शफीकुलचं नाव निघालं.
आधी त्याची खोली बदलली, मग व्हिसा गेला.
नंतरच्या कुठल्याच भागात तो दिसला नाही.

त्याच आठवड्यात मी धाकटीची फी भरली.
डाबरे एक्स्चेंजवर माझ्याबरोबर होता.
खिडकीशी मी नोटा मोजल्या.
दोनदा.

"पुढच्या भागात खोत कबूल करणार," डाबरे म्हणतो.
नाही करणार, मी म्हणतो,
लोकांना आवडणार नाही.
"तुला आवडणार नाही," डाबरे म्हणतो,
माझ्याकडे न बघता,
आणि शोधून दुसरा भाग लावतो.
खोत डावीकडून येतो, दुभंगतो, सांधतो,
टपरीशी थांबतो.
सगळे पुढे वाकतात.
मी करपलेलं पातेलं घेऊन
बाहेर नळावर जातो,
राख घेतो, काथ्या घेतो,
घासत बसतो, तळ दिसेपर्यंत.

आतून तांडेल हाक मारतो:
"ये रे बघूक!
तुझो खोत सुटे मोजता हा."